दोघांनी मिळून लिहिलेली वही कोणाकडे राहावी?

निळी_शाई (अमळनेर)

नमस्कार. मी इथे बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय कारण घरात कोणाला विचारता येत नाहीये आणि मैत्रिणींना विचारलं की त्या भलत्याच गोष्टीवर जातात. प्रश्न एका वहीचा आहे. दोनशे पानी फुलस्केप वही, दोघांनी मिळून लिहिलेली, आणि आता दोघं दोन गावांना चाललोय. वही कोणाकडे राहावी?

सगळं सांगावं लागेल, नाहीतर कळणार नाही.

अकरावीला फिजिक्सच्या क्लासला तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा. खेड्यावरून एसटीनं यायचा, बावीस किलोमीटर, पाऊस झाला की नाल्याला पाणी येतं आणि गाडी येत नाही म्हणून त्याचे तास बुडायचे. असंच एकदा त्यानं माझी वही मागितली, मी दिली, आणि घरी गेल्यावर आठवलं की त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी एक गोष्ट लिहायला घेतली होती. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस आहे, गावातल्या सगळ्या पोरी झोक्यावर आहेत आणि एक म्हातारी एकटीच गावाबाहेरच्या विहिरीकडे चाललीय, इथपर्यंतच लिहिलेलं. मला रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं वही परत दिली, काही बोलला नाही, घरी येऊन उघडली तर खाली पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, "म्हातारी विहिरीकडे का गेली ते लिहिलंच नाही."

एवढंच. छान आहे असं पण नाही. पण मी ती ओळ किती वेळा वाचली असेल, कारण तोपर्यंत माझं लिहिलेलं कोणी गोष्ट म्हणून वाचलंच नव्हतं, शाळेत निबंधाला शेरा मिळायचा अक्षर सुंदर, आणि इथे कोणाला तरी खरंच जाणून घ्यायचं होतं की ती का गेली. मी त्याखाली लिहिलं, "मला पण माहीत नाही", आणि वही परत त्याच्या बाकावर ठेवली. चार दिवसांनी एक पान लिहून आलं. आखाजीला सगळ्या सासुरवाशिणी माहेरी येतात पण म्हातारीचं माहेर तापीवरच्या धरणात गेलंय, जायला गावच नाही, म्हणून ती विहिरीत वाकून माहेरची गाणी म्हणते कारण पाणी तर तेच. ते वाचून मी गच्चीवर जाऊन बसले होते.

मग नवीन वही घेतली. एक प्रकरण माझं, एक त्याचं. माझी शाई निळी, त्याची काळी. सोमवारी द्यायची, पुढच्या सोमवारी घ्यायची. फोनवर लिहायचं नाही असं आम्ही ठरवलं नव्हतं, पण कधी लिहिलं नाही. बोलायचो पण त्याबद्दलच. एकदा बोलता बोलता निघालं की फेब्रुवारी २०२४ ला आमच्या गावात ९७वं साहित्य संमेलन भरलं तेव्हा आम्ही दोघं दहावीत होतो, मी ग्रंथदिंडीत लेझीम खेळत होते आणि तो प्रताप कॉलेजच्या मैदानावर पुस्तकांच्या गाळ्यांमधून दिवसभर फिरत होता, खिशात शंभर रुपये आणि बोर्डाची परीक्षा महिन्यावर. तेव्हा ओळख असती तर, असं आम्ही दोघंही एकाच वेळी म्हणालो.

अजून एक सांगायचंय. आमच्या घरी अहिराणी, म्हणजे इकडची खानदेशी बोली, बोलत नाहीत. आई-बाबांना येते, पण आमच्याशी कधी बोलले नाहीत, पोरांचं मराठी बिघडेल म्हणून. त्यामुळे माझी म्हातारी पुस्तकातल्यासारखी बोलायची. त्यानं माझ्या एका वाक्यावर काट मारून वर लिहिलं होतं, "ती असं विचारणार नाही, ती म्हणेल तुले काय करनं शे रे भो" (तुला काय करायचंय रे भाऊ), आणि म्हातारी एकदम जिवंत झाली. तो प्रत्येक प्रकरण घरी त्याच्या आजीला वाचून दाखवतो. तिला वाचता येत नाही. माझं प्रकरण असलं तरी वाचून दाखवतो, आणि ते संपलं की ती म्हणते, "मंग काय व्हयनं?" म्हणजे मग काय झालं? सोमवारी वही देताना तो मला फक्त एवढंच सांगायचा, आजी विचारतेय मंग काय व्हयनं. मी त्या एका वाक्यावर आठवडाभर लिहायचे.

बारावीच्या जुलैत एका शनिवारी, सोमवार नव्हता, क्लास पण नव्हता, जोराचा पाऊस, आणि तो क्लासच्या गल्लीच्या कोपऱ्यावर उभा. नाल्यावरून गाडी येत नव्हती म्हणून पलीकडच्या फाट्यापर्यंत चालत आला होता. वही युरियाच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून सुतळीनं बांधलेली, स्वतः पूर्ण भिजलेला. म्हणाला, प्रकरण रात्रीच संपलं, सोमवारपर्यंत थांबवेना. मी वही घेतली, ती कोरडी होती. आम्ही त्या दिवशी पण काही बोललो नाही पण मला कळलं आणि त्याला पण कळलं की मला कळलंय.

मग डिसेंबरात आईला वही सापडली. तिनं रात्रभर बसून सगळी वाचली, वहीत तसं काहीच नाहीये, म्हातारी आहे, विहीर आहे, पण दोन शाया तर दिसतातच ना. सकाळी ती ओरडली नाही. वही लोखंडी कपाटात ठेवली, किल्ली कमरेला, आणि म्हणाली परीक्षा झाल्यावर बघू. शेवटचा पेपर देऊन आले त्या संध्याकाळी वही माझ्या टेबलावर होती. त्यावर ती आजपर्यंत एक शब्द बोललेली नाही.

आता तो इंजिनीअरिंगला पुण्याला चाललाय, मी जळगावला बीएला. वहीत सदतीस पानं उरलीत, गोष्ट संपलेली नाही. तो म्हणतो तू ठेव, सुरुवात तुझी आहे. मी म्हणते तू ठेव, तुझ्या आजीशिवाय ती झालीच नसती. एक मैत्रीण म्हणाली टाके सोडवून आपापली प्रकरणं वाटून घ्या, ते ऐकूनच पोटात गोळा आला. काय करू? आणि शेवट आता घाईनं लिहून टाकावा का?

---

तापीकाठ (भुसावळ)

आधी कामाचं सांगतो. वही कोणाकडेही राहू दे, आज-उद्यात तिचा प्रत्येक पानाचा फोटो काढ. दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, फ्लॅश बंद, वही सपाट ठेवून आणि फोन बरोबर वर धरून. पेन्सिलनं लिहिलेलं आधी काढ, ते घासून घासून जातं. मग झेरॉक्सवाल्याकडून दोन प्रती काढून स्पायरल करून घे, एक तुला एक त्याला.

लॅमिनेशन कोणी सांगितलं तरी करू नकोस, एकदा केलं की ते कागदापासून सुटत नाही. जेल पेनची शाई असेल तर पाण्याचा एक थेंब पुरतो, युरियाची गोणी त्यानं आणली ते फार शहाणपणाचं केलं. ठेवताना वर्तमानपत्रात गुंडाळू नये, तो कागद पिवळा पडतो आणि शेजारच्या पानाला पण लावतो. सुती कापडात बांध. आणि पत्र्याखालच्या माळ्यावर नको, आमच्याकडचा मे महिना तुला माहितीय, पंचेचाळीसच्या वर पारा गेला की बांधणीचा डिंक तडकतो आणि पानं आपोआप सुटतात. माझ्या वडिलांच्या भजनाच्या वह्या अशाच गेल्या म्हणून सांगतोय.

टाके मात्र सोडवू नकोस.

---

धुळ्याची_मावशी (धुळे)

बेटा, तुझं लिहिलेलं सकाळी वाचलं, दिवसभर काही सुचलं नाही, आता सगळे झोपल्यावर लिहितेय.

१९८६ साली मी अकरावीला होते. आमच्या कॉलेजात भित्तीपत्रक असायचं, काचेच्या फळ्यात, दर पंधरा दिवसांनी नवीन. मुलांनी कविता, लेख द्यायचे आणि एकानं ते सगळं सुवाच्य अक्षरात कार्डशीटवर उतरवायचं. उतरवणारा जो होता त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. मी कविता द्यायचे आणि तो उतरवून झाल्यावर माझा मूळ कागद मला परत द्यायचा, पाठीमागे काहीतरी लिहून. दुसऱ्या कडव्यात सांज दोनदा आलीय. ही ओळ तुझी नाही, कुठेतरी वाचलेली आहे. हे कडवं वर घे. असं. कधी कौतुक करायचा नाही पण फळ्यावर माझी कविता नेहमी डोळ्यांच्या उंचीला लावायचा, तेवढ्यावरून मी समजून घ्यायचे. तू पेन्सिलची ओळ सांगितलीस ना, मला माझे ते कागदच दिसले.

दोन वर्षं हे चाललं. फिरायला जाणं वगैरे काही नाही, त्या काळात धुळ्यात ते शक्यही नव्हतं, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर दोन मिनिटं उभं राहणं एवढंच. मग तो पुढच्या शिक्षणाला नाशिकला गेला, पत्रं यायची, माझ्या मैत्रिणीच्या पत्त्यावर. मी कविता पाठवायचे, तो त्याच कागदामागे पत्र लिहून परत पाठवायचा. कागद वाचवायची सवय होती त्याला, घरची परिस्थिती तशी होती.

१९९० ला माझं लग्न ठरलं. घरच्यांनी ठरवलं, मी हो म्हणाले, कोणी जबरदस्ती केली नाही, आणि माझा संसार चांगला झाला हेही सांगते. पण हळदीच्या आदल्या दिवशी पहाटे मी अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवला, पऱ्हाट्या घातल्या आणि त्या सगळ्या कागदांचा गठ्ठा थोडा थोडा करून आत सारला. सासरी न्यायचे कसे आणि माहेरी ठेवायचे कुठे, दुसरं काही सुचलंच नाही. कागदांना टाचण्या होत्या, त्या काढायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी आई बंबातल्या राखेनं भांडी घासत होती तर तिच्या बोटात टाचणी घुसली. अंगणात मांडव, पाहुणे, आणि ती मला विचारतेय, राखेत टाचणी कुठून आली गं? मी तिच्या बोटाला हळद लावली, माझी हळद बाजूलाच वाटून ठेवलेली होती. काही बोलले नाही.

आता खरं ते सांगते. त्याची पत्रं जाळली याचं मला आज दुःख होत नाही, तो त्याच्या ठिकाणी सुखी असेल. पण त्या कागदांच्या पुढच्या बाजूला माझ्या कविता होत्या. चाळीसेक असतील. त्याच्या ओळी जाळताना मी माझ्या पण जाळल्या आणि हे माझ्या लक्षात यायला दहा वर्षं लागली, धाकटा शाळेत जायला लागला आणि दुपारचा वेळ मोकळा मिळाला तेव्हा. मला त्यातली एकच ओळ आठवते, "वेचून झालं वावर तरी ओटी रिकामी". पुढचं कडवं आठवत नाही. कितीदा कपाशीच्या वावराजवळ गाडी थांबवायला लावून उभी राहिलेय, आठवत नाही.

म्हणून पोरी, पुढे तुमचं दोघांचं काय होईल ते होवो, ती वही तुझ्या प्रेमाची खूण आहे म्हणून जपू नकोस, ते कदाचित बदलेल. त्यातली निम्मी पानं तू लिहिलेली आहेस म्हणून जप. उद्या भांडलात, रागावलात, दुसरीकडे लग्नं झाली तरी कोणी ती जाळायची नाही असं आत्ताच एकमेकांना सांगून ठेवा, बोलणं चांगलं आहे तोपर्यंतच.

---

दोन_पोरींची_आई (चोपडा)

मावशींचं वाचून रडू आलं.

मी दुसऱ्या बाजूनं बोलते. तुझी आई रात्रभर बसून वाचते म्हणजे काय, जरा विचार कर. वहीत काही वावगं असेल म्हणून वाचायला घेतलं असेल, पण ते तर पहिल्या वीस पानांत कळलं असतं की नाहीये. बाकीची पानं तिनं कशासाठी वाचली? आणि बारावीच्या वर्षात तिनं वही बंद केली पण फाडली नाही, तुझ्या बाबांना दाखवली नाही असं दिसतंय, आणि शेवटच्या पेपरच्या दिवशी न मागता परत दिली. छोट्या गावात मुलीचं नाव कोणाबरोबर घेतलं गेलं तर काय काय ऐकावं लागतं हे आम्ही बघितलेलं असतं, आम्ही घाबरतो ते तुम्हाला नाही, लोकांना. आणि अठरा पूर्ण व्हायच्या आत कोणी तक्रार-बिक्रार केली तर कायदा मुलाला सोडत नाही, त्या पोराचाही विचार तिनं केला असेल.

तिच्याशी बोल. वही कोणाकडे ठेवू हे आधी तिला विचार. तिला अहिराणी येते असं तूच लिहिलंयस.

---

शिरपूर_ते_पुणे (सध्या पुणे)

मी तुझ्या त्याच्या जागेवर होतो, पाच वर्षांपूर्वी. आमची वही नव्हती, आम्ही दोघं कविता करायचो, ओळीला ओळ. मी पुण्याला आलो आणि आम्ही सगळं व्हॉट्सॲपवर आणलं कारण सोपं होतं. तिथेच ते गेलं. कारण ओळ पाठवली की दोन निळ्या टिका दिसतात आणि अर्ध्या तासात उत्तर आलं नाही की माणूस विचार करायला लागतो, राग येतो, मग ओळ सोडून भांडण सुरू होतं. तुमच्या वहीत आठवड्याचं अंतर होतं ना, त्या अंतरातच ती गोष्ट वाढली असं मला वाटतं. आता पुणे-जळगाव म्हणजे अंतर आयतंच मिळतंय.

मी सांगेन वही पोस्टानं पाठवा. फोटो काढून झाले की भीती नाही. एक महिना तुझ्याकडे, एक महिना त्याच्याकडे. पूर्वी रजिस्टर करायचो तसं आता वेगळं रजिस्टर राहिलं नाही, २०२५ साली ते स्पीड पोस्टातच मिळवलंय, पण पावती मिळते आणि नंबरवरून वही कुठे पोचली ते बघता येतं. होस्टेलच्या पत्त्यावर पाठवलंस तर पाकिटावर त्याचा खोली नंबर आणि मोबाईल ठळक लिही, होस्टेलला पार्सलं गेटवर पडून राहतात. नाहीतर सुट्टीला महाराष्ट्र एक्सप्रेसनं येताना स्वतःच आणेल.

शेवट घाईनं लिहू नका. आम्ही शेवटची कविता मुद्दाम "शेवटची" म्हणून लिहिली होती, ती आमची सगळ्यात वाईट कविता आहे.

---

मराठीचा_मास्तर (पारोळा)

मी ज्युनिअर कॉलेजला मराठी शिकवतो, तेवीस वर्षं झाली. अशी वही माझ्या एकाही वर्गात निघाली नाही, किंवा निघाली असेल आणि मला कोणी दाखवली नसेल, हे दुसरं खरं असेल तर ते माझ्या मनाला लागतंय.

"वही कोणाची" याला कायद्याचं पण उत्तर आहे आणि ते तुझ्या मैत्रिणीनं सांगितलं त्याच्या जवळ जातं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त लेखन कशाला म्हणतात, तर ज्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही त्याला. तुमची प्रकरणं वेगळी, शाई वेगळी, म्हणजे सरळ हिशेबानं निळी पानं तुझी आणि काळी त्याची. पण तू सांगतेस तुझ्या वाक्यावर त्यानं काट मारून म्हातारीचं बोलणं लिहिलं, त्याच्या पानावर तू सुचवलं असशील, आणि आजीच्या "मंग काय व्हयनं" वर तू आठवडाभर लिहायचीस. ते वेगळं कसं काढणार? माझ्या मते तुमची वही दोघांचीच आहे. पुढे कुठे छापायला द्यायची वेळ आली तर दोघांची नावं, दोघांची परवानगी, एवढं आत्ता एका कागदावर लिहून दोघांनी सही करून वहीत ठेवा. भांडण होईल म्हणून नाही सांगत, वीस वर्षांनी कोणाला काय ठरलं होतं ते आठवत नाही म्हणून.

वय लहान आहे म्हणून हे सगळं पोरखेळ आहे असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. तुझ्या गावापासून जवळच्याच धरणगावात १८९० ला जन्मलेल्या ठोंबऱ्यांच्या मुलाला १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात बालकवी म्हणून गौरवलं तेव्हा तो सोळा-सतराच वर्षांचा होता. तुझ्याच गावात साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचे, त्यांनाही छापखान्याची वाट बघावीशी वाटली नाही. आणि असोद्याच्या बहिणाबाईंना तर अक्षरओळखच नव्हती, त्या जात्यावर, वावरात गाणी म्हणायच्या आणि घरातली मुलं ती उतरवून ठेवायची. त्या १९५१ ला गेल्या, पुस्तक निघालं १९५२ ला. ती उतरवलेली वही घरात जपून ठेवली नसती तर काय राहिलं असतं? ज्या विद्यापीठात तू आता शिकायला चाललीस त्याला त्यांचं नाव आहे.

एक मागणं आहे. अहिराणी बोलणी प्रमाण मराठीत बदलू नका, कितीही कोणी सांगितलं तरी. ज्या शब्दाचा अर्थ तुला नवीन होता तो समासात लिहून ठेव. ते शब्द त्या मुलाच्या आजीबरोबर जातील नाहीतर.

---

वावरातली_वाट (नंदुरबार)

वही आजीकडे ठेवा. तिचंच सगळ्यात जास्त अडलंय पुढे काय झालं म्हणून.

---

निळी_शाई (अमळनेर)

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, माफ करा, मधे बरंच झालं.

फोटो काढले. तापीकाठ काका, पेन्सिलचे आधी काढले, जुन्या वहीतल्या त्या पहिल्या ओळीचा "नाही" पुसट झालाय पण वाचता येतो. मावशी, तुमचं उत्तर मी त्याला वाचून दाखवलं, फोनवर, तो कितीतरी वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला सरांनी सांगितलेल्या कागदावर हे पण लिहू, कोणी जाळायची नाही. लिहिलं. दोघांनी सह्या केल्या, एक निळी एक काळी. आणि तुमची ती ओळ आम्ही एका कागदावर लिहून घेतलीय, वहीत नाही, वेगळी. तुम्ही पुढचं लिहाल तेव्हा सांगा.

आईला विचारलं. पोळ्या करताना विचारलं कारण तेव्हा ती माझ्याकडे बघत नाही. म्हटलं, वही त्याच्या आजीकडे ठेवावी का. तिनं तव्यावरची पोळी उलटली आणि विचारलं, ती म्हातारी अजून आहे? मला आधी कळलंच नाही ती गोष्टीतल्या म्हातारीचं विचारतेय की त्याच्या आजीचं. मग म्हणाली, एकटी जाऊ नकोस, रविवारी मी येते.

आम्ही दोघी एसटीनं गेलो. त्याची आई ओट्यावर बिबड्या वाळत घालत होती. त्याची आजी खूप बारीक आहे, हातावर पूर्ण गोंदण, ऐकायला कमी येतं म्हणून तो तिच्या कानाजवळ बसून वाचतो. त्या दिवशी तो म्हणाला तू वाच. मी माझं प्रकरण वाचायला घेतलं आणि म्हातारीच्या बोलण्याशी आले तशी माझी अहिराणी अडखळायला लागली, तर आजी मधेच थांबवून म्हणाली, "आसं नई म्हनतस", आणि ते वाक्य स्वतः म्हणून दाखवलं. मी परत वाचलं. परत चुकलं. तिसऱ्या वेळी माझी आई माझ्या मागून म्हणाली, बरोबर जसं आजी म्हणाली तसं, त्याच चालीत. मी सतरा वर्षांत आईचा तो आवाज ऐकलेला नव्हता. आजी तिच्याकडे बघून हसली आणि मग त्या दोघीच बोलत बसल्या, अहिराणीत, इतक्या भराभर की मला निम्मं कळलं नाही, आखाजीच्या गाण्यांवरून काहीतरी चाललं होतं, आईला एका गाण्याचं पहिलं कडवं येत होतं आणि आजीला दुसरं. तो आणि मी वही मधे ठेवून गप्प बसलो होतो. मी सरांचं ऐकून पेन घेऊन बसले होते, जेवढं कळलं तेवढं समासात लिहिलं.

कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊन संध्याकाळच्या गाडीनं आलो. बसमध्ये आई म्हणाली, पोरगा नीट आहे, आधी दोघं शिका. एवढंच म्हणाली, आणि मग खिडकीकडे तोंड करून ते गाणं गुणगुणत होती.

तर वही आजीकडे राहणार आहे, तिच्या लुगड्यांच्या पेटीत, सुती कापडात बांधून, कडुलिंबाचा पाला घालून. तो गेल्यावर महिन्यातल्या एका रविवारी मी जाऊन वाचून दाखवणार, आई येते म्हणाली. नवीन प्रकरणं सुट्या कागदावर लिहून पोस्टानं पाठवायची, दादा तुम्ही सांगितलं तसं, स्पीड पोस्टानं, आणि आजीला वाचून झालं की मग वहीत ज्याच्या त्याच्या शाईनं उतरवायची. शेवट आत्ता लिहीत नाही.

तो शुक्रवारी रात्री निघतोय. आजीनं त्याला हातात पैसे दिले आणि विचारलं, मंग काय व्हयनं ते कधी लिखशी? सदतीस पानं उरलीत, पाळी त्याची आहे.